मांद्र्यात कावा विकायचा असेल तर आधी कुठले कागद लागतील?

पेडणे तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न असा आहे: काही वर्षं फिजीत हॉटेलात नोकरी केली, आता गावी परत आलोय. मांद्र्याला घरालगत जागा आहे. तिथं दारू न ठेवता संध्याकाळी फक्त कावा (फिजीत पितात ते मुळाचं पेय) द्यायचा, असा छोटा बार काढायचा आहे. कावा अमली पदार्थांच्या यादीत नाही, त्यात दारूचा थेंब नाही, पावडर ऑनलाइन मिळते. मग पंचायतीचा ना हरकत दाखला आणि फूड लायसन्स घेतलं की सुरू करता येईल ना?

एवढ्या कागदांवर नाही करता येणार. तुमच्या पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत कावा नाही, आणि दारू नसल्यामुळे अबकारी खात्याचा परवानाही लागत नाही. तरीसुद्धा त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष चुकतो. बार्देश आणि पेडण्यातल्या कॅफे-शॅकवाल्यांची अन्नपरवान्याची कामं मी करतो. दर हंगामाच्या तोंडावर कोणी ना कोणी नवं पेय घेऊन येतो, आणि पैसे अडकतात ते बहुतेक वेळा एकाच समजुतीपायी: ज्यावर बंदी नाही ते विकायला मोकळीक आहे. अन्नाच्या कायद्यात तसं नाही. जे अन्न या देशात कधी खाल्लं-प्यायलं गेलेलं नाही, त्याला आधी परवानगी, मग विक्री.

२००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचं कलम २२ काढून वाचा. नव्या प्रकारचं अन्न नियमांत सांगितलेल्या वाटेशिवाय बनवता येणार नाही, वाटता येणार नाही, विकता येणार नाही आणि आयातही करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. कावा म्हणजे पायपर मेथिस्टिकम या झुडपाचं मूळ. फिजी, वानुआतू, टोंगा, सामोआ या बेटांवर ते पिढ्यान्‌पिढ्या पितात, पण भारतात ते पिण्याची परंपरा नाही. (काश्मिरी कहव्याशी त्याचा काही संबंध नाही.) कावाच्या पेयासाठी आपल्याकडे स्वतंत्र मानकही नाही. अशा पदार्थांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०१७ मध्ये वेगळे विनियम आणले. मानकांत न आलेलं अन्न आणि अन्नघटक यांच्या मंजुरीचे ते विनियम. त्यांच्याखाली अर्ज करून दिल्लीहून लेखी मंजुरी आली की मगच पुढचं सगळं. बांबोळीच्या एफडीए (गोव्याचं अन्न व औषध प्रशासन) कार्यालयाला ही मंजुरी देण्याचा अधिकारच नाही. त्यामुळे तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसानं ‘करा, काही होत नाही’ म्हटलं तरी त्या शब्दाला कागदावर किंमत शून्य.

इथं लोक दोन पळवाटा सांगतात, दोन्ही मी ऐकलेल्या आहेत. पहिली: ‘प्रोप्रायटरी फूड, म्हणजे स्वतःच्या कृतीचं, मानक नसलेलं अन्न, म्हणून दाखवून टाकू.’ फॉस्कॉस या एफएसएसएआयच्या परवाना पोर्टलवर लायसन्सचा अर्ज भरताना तो प्रकार दिसतो, म्हणून मोह होतो. पण प्रोप्रायटरी अन्नात घटक तेच चालतात जे मानकांत आहेत किंवा मानक असलेल्या दुसऱ्या एखाद्या अन्नात वापरायला मंजूर आहेत. म्हणजे आल्याचा रस, कोकम आणि नाचणी यांचं तुमचं स्वतःचं मिश्रण प्रोप्रायटरी होऊ शकतं, कारण तिन्ही घटक ओळखीचे आहेत. कावा घातला की तो दरवाजा बंद. शिवाय नव्या प्रकारचं अन्न प्रोप्रायटरीच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. अर्जात खोटी माहिती देणं हा कलम ६१ खाली वेगळा गुन्हा होतो, तो वर.

दुसरी पळवाट थोडी अभ्यासू लोकांकडून येते. ते सांगतात की उत्पादन मंजुरीची पद्धत कोर्टानं कधीच रद्द केली आहे. यात निम्मं सत्य आहे. पूर्वी एफएसएसएआय नुसत्या सल्लापत्रकांवर मंजुरी मागत असे. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ती पद्धत कायद्यात बसत नाही असं ठरवलं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पण ते सल्लापत्रकांबद्दल होतं. त्यानंतरच रीतसर विनियम आले, आणि २०१७ चे विनियम कायद्याच्या अधिकारातून निघालेले आहेत. तेव्हा जुना निकाल दाखवून कोणी सल्ला देत असेल तर त्याला त्यानंतर काय झालं तेही विचारा.

पूरक आहार म्हणून कॅप्सूलमध्ये विकता येईल का, असंही तुमच्या मनात येईल. पूरक आहार आणि न्यूट्रास्युटिकल्सचे २०१६ चे विनियम वेगळे आहेत. त्यांच्या परिशिष्टांत वनस्पतींची नावं, त्यांचा कुठला भाग आणि रोजची मात्रा दिलेली असते. ज्या वनस्पतीचं नाव तिथं असेल तीसुद्धा ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या लेबलसह पूरक आहार म्हणूनच विकायची असते. करवंटीत भरून टेबलावर द्यायच्या पेयाला त्या वाटेनं परवानगी मिळत नाही. तुमचा बेत पेयाचा आहे, तेव्हा तो रस्ता सोडा.

आता २०१७ च्या अर्जात मागतात काय ते पाहू, कारण तुमची खरी मेहनत तिथंच आहे. पदार्थाची नेमकी ओळख, कुठली जात, झुडपाचा कुठला भाग, प्रक्रिया काय, दिवसाला किती घ्यायचं, कोणासाठी नाही, मूळ देशात किती काळ आणि कसं वापरलं जातं, विषारीपणाच्या तपासण्यांचे अहवाल, आणि इतर देशांत त्याची कायदेशीर स्थिती. हा शेवटचा रकाना कावाच्या बाबतीत जड आहे, आणि इथं प्रामाणिकपणे सगळं लिहावं लागतं. एका देशाचा सोयीचा निर्णय दाखवून दुसऱ्याची बंदी लपवली तर तपासणारी समिती पहिल्याच बैठकीत ते पकडते.

बाहेर काय चाललंय ते असं. ब्रिटननं जानेवारी २००३ पासून कावा असलेलं अन्न विकायला आणि आयात करायला बंदी घातली. जर्मनीनं २००२ मध्ये कावाच्या औषधांच्या नोंदण्या रद्द केल्या, कारण यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. २०१४ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयानं ती कारवाई बेकायदा ठरवली, पुढं औषध खात्यानं पुन्हा नोंदण्या काढून घेतल्या. त्या वादात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती औषधं बहुतेक अल्कोहोल किंवा ॲसिटोननं काढलेल्या अर्कांच्या गोळ्या होत्या. बेटांवरचे लोक पितात तो पाण्यात चोळून गाळलेला कावा वेगळा. अमेरिकेच्या एफडीएनं २००२ मध्येच यकृताबद्दल सावधगिरीचा इशारा दिला, आणि २०२० च्या त्यांच्या टिपणात साध्या अन्नात कावा सुरक्षित मानता येत नाही असं म्हटलंय. तिथं तो पूरक आहार म्हणून विकला जातो. त्याच अमेरिकेतल्या हवाई राज्यानं मात्र २०२४ मध्ये पाण्यातला पारंपरिक कावा राज्याच्या कायद्यापुरता सुरक्षित मानला. एकाच देशात दोन भूमिका.

तुमच्या कामाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. त्यांनी बरीच वर्षं व्यापारी आयात बंद ठेवली होती. प्रवाशाला स्वतःपुरता २ किलो आणता येत असे, २०१९ च्या अखेरीस ते ४ किलो झालं, आणि डिसेंबर २०२१ पासून व्यापारी आयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांच्या अन्नसंहितेत कावासाठी वेगळं मानकच आहे: मूळ थंड पाण्यात मिसळून केलेलं पेय चालेल, आणि लेबलवर जपून घ्यावं, झोप येऊ शकते, अशा सूचना हव्यात. अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगानंही २०२० मध्ये उत्तर अमेरिका आणि नैऋत्य पॅसिफिक भागासाठी पाण्यात मिसळून प्यायच्या कावाचं प्रादेशिक मानक स्वीकारलं. त्याआधी २०१६ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओनं मिळून पारंपरिक पेयाच्या सुरक्षिततेचा आढावा घेतला होता. माझ्या मते तुमचा अर्ज उभा राहायचा असेल तर तो याच आधारावर: थंड पाणी, फक्त मूळ, उत्तम जात, अर्क नाही, चव-रंग नाहीत. डब्यातलं फसफसतं कावा पेय, कावाचे घट्ट अर्क, चॉकलेट, असलं काही त्याच अर्जात घातलंत तर सगळा अर्जच कमकुवत होतो.

जातीचा मुद्दा वरवरचा समजू नका. वानुआतूनं २००२ मध्ये कावासाठी कायदा केला आणि ‘नोबल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच निर्यातीसाठी ठेवल्या. ‘टुडे’ गटातल्या जातींचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही आणि मळमळ, डोकं जड होणं हे त्यांच्यात जास्त. पावडर झाल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही. प्रयोगशाळेत कावालॅक्टोन नावाच्या घटकांचं आपसातलं प्रमाण काढून तो ओळखतात. तुम्ही फिजीत प्यायलात तो ताजा, ओळखीच्या माणसानं कुटलेला होता. इथं ऑनलाइन येणाऱ्या पिशवीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, विकणाऱ्यालाही बहुधा नाही. पिशवीवर ‘मानवी सेवनासाठी नाही’ किंवा ‘फक्त संग्रहासाठी’ असं छापलेलं असेल तर ती पिशवी घेऊच नका. ते छापणाऱ्यानं स्वतःची मान सोडवून घेतली आणि ग्लास भरणाऱ्याची अडकवली. आणि परदेशात कावाच्या नावाखाली क्रॅटम मिसळलेल्या बाटल्याही विकल्या जातात. क्रॅटम मेंदूत अफूसारख्या द्रव्यांच्या जागी जाऊन काम करतं आणि त्याची सवय लागते. असला माल गोव्यात पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी पथकाच्या हाती लागला तर ‘हा कावा आहे’ हे तुमचं म्हणणं अहवाल येईपर्यंत कोणी ऐकणार नाही.

आयातीकडे येतो. समजा दिल्लीची मंजुरी आली. मग आयात-निर्यात कोड, आयातदार म्हणून एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स (बारसाठीचं लायसन्स निराळं), बंदरावर नमुना आणि ना हरकत. माल उतरताना त्याच्या मुदतीचे किमान ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढे दिवस शिल्लक लागतात. बेटांवरून बोटीनं येणाऱ्या मालाचे बरेच दिवस वाटेतच जातात, हे धरून चाला.

अन्नाच्या कागदांइतकेच महत्त्वाचे असतात वनस्पती क्वारंटाइनचे कागद, आणि नेमके तेच लोक विसरतात. २००३ च्या आदेशाप्रमाणे बाहेरून येणाऱ्या वनस्पतीजन्य मालाचं नाव परिशिष्टांत असावं लागतं. नसेल तर आधी किडी-रोगांच्या धोक्याचं विश्लेषण होतं आणि ते होईपर्यंत माल येत नाही. मूळ देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) तर हवंच. हे काम कृषी मंत्रालयाकडे आहे, एफएसएसएआयशी त्याचा संबंध नाही, आणि एकाची मंजुरी दुसऱ्याला लागू होत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की मांद्र्याची हवा फिजीसारखीच आहे, तेव्हा चार फांद्या आणून कुळागरात (सुपारीच्या बागेत) लावल्या तर? ही कल्पना कृपा करून मनातून काढून टाका. कावाला बी धरत नाही, लागवड फांदीच्या तुकड्यांनीच होते, म्हणजे जिवंत माल बॅगेतून आणावा लागेल. कावा हा मिरीचा, विड्याच्या पानाचा आणि पिंपळीचा सख्खा भाऊ, सगळे पायपर कुळातले. पॅसिफिकमध्ये कावाची झुडपं फटाफट मारणारा जो मर रोग आहे त्यामागं काकडीवरचा मोझॅक विषाणू आहे, आणि तो विषाणू मिरीवरही येतो. सत्तरी, फोंडा, सांगे इथल्या कुळागरांत सुपारीच्या झाडांवर मिरवेल चढलेली असते, त्या वेलींवर घरं चालतात. मावा कीड विषाणू एका पानावरून दुसऱ्यावर नेते, तिला कुंपण कळत नाही. लावणीसाठी आणायचं झाडच असेल तर आयात परवाना आणि देशात आल्यावरचं क्वारंटाइन, दोन्ही सक्तीचं आहे. कस्टमच्या घोषणापत्रात बियाणं आणि झाडांबद्दलचा रकाना त्यासाठीच असतो. या एका बाबतीत मी कोणाचंही काम घेत नाही.

आता गोव्यातलं. लायसन्स फॉस्कॉसवरून, तपासणी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाची. त्याशिवाय पंचायतीचा व्यापार परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि जागा किनाऱ्याच्या नियमन पट्ट्यात येत असेल तर किनारी क्षेत्र प्राधिकरण. मांद्र्यात ‘घरालगतची जागा’ म्हणजे भरतीरेषेपासून किती अंतरावर, हे आधी नकाशावर पाहून घ्या. कावा नसता आणि फक्त चहा असता तरी हे लागलंच असतं, म्हणून फार लिहीत नाही. पाटीवर ‘बार’ लिहू नका, एवढं मात्र सांगतो. दारू नसलेल्या ठिकाणी ती पाटी लावली की अबकारीचा निरीक्षक, पंचायतीचा सदस्य आणि देवळाच्या कमिटीतला कोणी, तिघंही चौकशीला येतात आणि तिघांना वेगवेगळं समजवावं लागतं.

पंचायतीला कमी लेखू नका. गोबी मंचुरियनवर देशात बंदी नाही, तरी म्हापसा नगरपालिकेनं २०२४ च्या सुरुवातीला त्याचे गाडे बंद केले, आणि त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत एफडीएच्या सांगण्यावरून मुरगाव पालिकेनं तेच केलं होतं. कारणं रंगाची, हलक्या सॉसची आणि स्वच्छतेची होती, आणि ती रास्तच होती. ओळखीच्या फ्लॉवरचं हे झालं. गावात कोणालाच माहीत नसलेलं, प्यायल्यावर जीभ बधिर करणारं तपकिरी पाणी तुम्ही विकणार असाल, तर ग्रामसभेत प्रश्न उठणारच. त्याला उत्तर म्हणून तुमच्या हातात दिल्लीचं पत्र असलं पाहिजे.

तपासणी कशी होते ते एकदा डोळ्यांसमोर आणून देतो. बार्देशातल्या एका कॅफेत मी कागदपत्रांच्या कामासाठी बसलो होतो. त्यांच्याकडे कावा नव्हता, मुळं-पानांची कसलीतरी गरम पेयं होती. अन्न सुरक्षा अधिकारी आला, आणि किचनकडे जायच्या आधी त्यानं दारातल्या काळ्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढला. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: ‘टेन्शन घालवा, गाढ झोपा, गोळ्या सोडा.’ मग आत जाऊन त्यानं बरणी मागितली, बिल मागितलं. बिल नव्हतं, कुरिअरचं पाकीट होतं. त्यानं बरणीतली पावडर मालकासमोर चार भागांत केली, चार डब्यांत भरली, प्रत्येकावर चिठ्ठी, दोरा, लाखेची मोहर, मालकाची सही. फॉर्म ५ए ची नोटीस हातात दिली. मालक घाबरून गप्प उभा होता. मी त्याला एवढंच सांगितलं की चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेला पाठवा असं आत्ताच लेखी माग, खर्च तुझा. हा अधिकार नियमांतच आहे, पण त्या वेळी मागितला नाही तर जातो.

त्या फळ्यावरची शेवटची दोन शब्दांची ओळ सगळ्यांत महाग पडली. चिंता, झोप न लागणं, मज्जासंस्थेचे विकार यांवर उपाय म्हणून एखादी गोष्ट विकलीत की ती अन्न राहत नाही, औषध होते, आणि १९४० चा औषध कायदा लागतो. मेंदूचे विकार किंवा मज्जासंस्थेचा दुबळेपणा यांवर इलाज सांगणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यातही अडकते. अन्नाच्या बाजूनं २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे विनियम आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. गोव्यात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच छताखाली असल्यानं फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. इन्स्टाग्रामची पोस्टही जाहिरातच धरली जाते. कावाबद्दल परदेशी पानांवर जे लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मं इथं उचलून चिकटवलंत तरी हा प्रसंग ओढवेल.

मंजुरी मिळाली तरी पेय सांभाळून द्यायचं आहे. कावाचा अंमल खरा असतो. जीभ आणि ओठ बधिर होतात, अंग सैल पडतं, झोप येते. ज्यांना यकृताचा त्रास आहे, जे झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेतात, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांना तो द्यायचा नाही. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवल्यांसारखी होते, हे तुम्ही फिजीत पाहिलंही असेल. दारूबरोबर तर मुळीच नाही. ‘फेणीत घालून बघूया’ म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात येईल, त्याला सरळ नाही म्हणा. दोन्हींचा अंमल एकावर एक चढतो आणि दोन्हींचा भार यकृतावरच पडतो.

आणि स्कूटर. आपल्याकडे पर्यटक रेंट-अ-बाइकवर येतो आणि रात्री काळोखातून त्याच गाडीवर परत जातो. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर कावा शून्य दाखवेल, पण चालवणाऱ्याचे हात आणि डोळे मंद झालेले असतील. चोपडेच्या पुलावर काही झालं तर यंत्राचं शून्य तुम्हाला वाचवणार नाही. अन्नामुळे इजा किंवा मृत्यू झाला तर कलम ६५ खाली भरपाई आहे, मृत्यूला किमान ५ लाख. असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर कलम ५९ मध्ये किमान सात वर्षांची कैद आहे. विनापरवाना, विनामंजुरी माल असेल तर विमा कंपनी पहिल्या पत्रातच हात वर करेल. म्हणून मी कोणालाही ‘थोडं थोडं सुरू करून बघ’ असं सांगत नाही. हे माझं मत भित्रेपणाचं वाटलं तरी चालेल.

तुमची मूळ कल्पना मात्र मला मनापासून पटते. किनाऱ्यावर संध्याकाळी दारू न पिता चार माणसांनी चटईवर बसायचं, गप्पा मारायच्या, अशी जागा मोरजीपासून हरमलपर्यंत शोधूनही सापडत नाही. ती जागा कावाच्या मंजुरीसाठी अडवून ठेवू नका. सोलकढी, कोकम सरबत, शहाळं, पातीचा चहा, उसाचा रस, हे सगळं आजच्या साध्या लायसन्सवर करवंटीत घालून देता येतं. जागेचे परवाने, पाणी तपासणीचा अहवाल, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, हे सगळं त्यावर बसवून घ्या. एक हंगाम चालवा. गावालाही तुम्ही काय करता ते दिसेल.

कावाचा अर्ज स्वतःच्या पैशानं करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तपासणी अहवाल आणि सुरक्षिततेची फाइल तयार करायचा खर्च एका छोट्या कॅफेला झेपणारा नाही, आणि मंजुरी मिळते ती अर्जदाराला, अर्जात दाखवलेल्या मालासाठी. ज्याला भारतात कायमचा बाजार हवा आहे त्या निर्यातदारानं किंवा मोठ्या आयातदारानं तो खर्च करावा, तुम्ही त्यांचे पहिले गिऱ्हाईक व्हा. तुम्ही तिथं राहून आलात, माणसं ओळखीची आहेत, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. निर्यातदाराला विचारा: जात कुठली आणि ती नोबल असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, कोडेक्सच्या २०२० च्या मानकाप्रमाणे माल आहे का, ऑस्ट्रेलियाला माल पाठवता का आणि तिथल्या मंजुरीच्या प्रती देता येतील का, जड धातू, बुरशीचं विष आणि जंतूंच्या तपासण्या किती जुन्या आहेत, आणि भारतासाठी अर्जदार व्हायची तयारी आहे का. पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी आली तर ती घेऊन म्हापशाला या, आपण बसून फॉर्म वाचू. तोवर जागेचा कुठलाही करार कावाच्या नावावर करू नका, आणि कोणाकडून आगाऊ पैसेही घेऊ नका.